पान दोनशे सतरा, पायरी सहा

थोरलीचं पुस्तक हे थोरलीचं पुस्तक, त्यात दुसऱ्या कुणाचा काडीचा संबंध नाही, हे त्या घरात अकरा वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं. इमारतींचे नकाशे कॉम्प्युटरवर काढायचं एक सॉफ्टवेअर आहे, त्यावरचं चारशे बारा पानांचं जाडजूड पुस्तक. आर्किटेक्टच्या ऑफिसात वीस वर्षं नकाशे काढून मान कामातून गेली तेव्हा तिने ते लिहायला घेतलं होतं. सहा आवृत्त्या निघाल्या. नकाशे शिकणारी पोरं दुकानात जाऊन सॉफ्टवेअरचं नावही घेत नसत, ‘बाईंचं पुस्तक द्या’ म्हणत, आणि दुकानदाराला बाई कोण हे विचारावं लागत नसे. सातव्या आवृत्तीच्या वेळी मात्र माशी शिंकली.

माशी म्हणजे धाकटी. थोरलीची जाऊ, दिराची बायको, वरच्या मजल्यावर राहणारी.

आता खरं सांगायचं तर पहिला दोष त्या सॉफ्टवेअरचा. पूर्वी ते शहाण्या माणसासारखं वागायचं. दोन वर्षांतून एकदा बदलायचं, आणि तेही आधी दवंडी पिटून. पुढे कंपनीला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, दर महिन्याला अपडेट यायला लागलं. काल डावीकडे असलेलं बटण आज उजवीकडे. परवा दोन मेन्यू होते त्यांचा आज एक. पुस्तक बिचारं छापलेलं, ते कुठे जाणार? वाचकांची पत्रं यायला लागली : पान त्र्याण्णववर दाखवलेलं बटण आमच्याकडे नाही. थोरली उत्तर पाठवायची, ‘नीट शोधा.’ तिचं म्हणणं असं, की भिंत म्हणजे भिंत आणि दार म्हणजे दार, बटणं इकडची तिकडे झाली म्हणून नकाशा बदलत नाही. म्हणणं चुकीचं नव्हतं, पण ज्याला बटणच सापडत नाही त्याने भिंत काढायची कशी, हा प्रश्न उरायचाच.

धाकटीला हे सगळं मुळात कुणी शिकवलं? थोरलीनेच. तीही एक गंमतच. पुस्तक लिहिताना थोरलीने एक पद्धत बसवली होती. तिचं नाव ‘कोरी बैठक’. धडा लिहून झाला की ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाला कॉम्प्युटरसमोर बसवायचं. त्याने फक्त लिहिलंय तेवढंच करायचं, डोकं चालवायचं नाही. लेखिकेने मागे स्टुलावर बसायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. तो माणूस जिथे अडेल तिथे धडा लंगडा. जाणत्याच्या हाताला हे जमत नाही, तो लिहिलेलं चुकीचं असलं तरी बरोबर तेच करून मोकळा होतो.

“घरात तुझ्याइतकं अडाणी दुसरं कोणी नाही. बस,” असं म्हणून थोरलीने अकरा वर्षांपूर्वी धाकटीला खुर्चीत बसवलं होतं. धाकटी नवीनच लग्न होऊन आलेली, माउस असा धरायची की जणू तो चावेल. हसत हसत बसली. तिच्या अडण्याने पहिली आवृत्ती सरळ झाली. पण माणूस सहा आवृत्त्या त्याच खुर्चीत बसला तर अडाणी कसा राहील? दुसऱ्या आवृत्तीला ती अर्धी शहाणी झाली होती, चौथीच्या वेळी एका छोट्या ऑफिसात नकाशे काढायला जायला लागली होती. आणि अपडेटांचा हा पाऊस सुरू झाल्यावर तिने आपल्यापुरती एक यादी करायला घेतली : वहिनींच्या पुस्तकातलं कुठल्या पानावरचं काय बदललं. ती यादी तिने इंटरनेटवर टाकली. पहिल्या महिन्यात ती दहा जणांनी वाचली. वर्षभरात हजारोंनी. लोक आता ‘यादीवाल्या ताई’ म्हणून तिला फोन करायचे, आणि ती ऑफिसातून दमून आली तरी गोड बोलून सगळ्यांची बटणं शोधून द्यायची.

थोरली ती यादी रोज सकाळी वाचायची. चष्मा लावून, दार लोटून.

“धाकटीची यादी बघतेस का गं?” नवऱ्याने एकदा विचारलं.

“मला दुसरे उद्योग नाहीत?” ती म्हणाली, आणि त्या दिवशी यादीत भर पडलेल्या तीन ओळी तिला तोंडपाठ होत्या.

जळफळाट म्हणतात तो हाच. खोटं कशाला बोला, थोरलीला तो मनातल्या मनात कबूलही होता. आपण रोप लावलं, पाणी घातलं, आणि आता सावलीत बसलेली माणसं म्हणतात, वा, झाडलोट काय छान ठेवलीय हो. जिन्यावरचा धाकटीचा पायरव ऐकला तरी तिच्या कपाळाला आठी पडायची. धाकटीने नवी साडी घेतली, भावजींना बढती मिळाली, वरच्या मजल्याला रंग लागला, यातल्या कशाचंही तिला कधी काही वाटलं नव्हतं. ती तशी बाई नव्हतीच. पण ‘पान त्र्याण्णव : बटण आता वरच्या पट्टीत, उजवीकडून तिसरं’ ही एवढीशी ओळ तिच्या घशाखाली उतरत नसे.

मग एके दिवशी प्रकाशक आले. सज्जन माणूस, पण वाईट बातमी सांगताना चहाची तारीफ करायची सवय. त्या दिवशी त्यांनी चहाची तीनदा तारीफ केली.

“बाई, सातवी आवृत्ती दीड वर्ष रखडलीय,” ते शेवटी म्हणाले. “तुम्ही बदलायला तयार नाही, आणि पुस्तक जसंच्या तसं विकणं मला पटत नाही. तुमच्या जाऊबाईंकडे सगळे बदल तयारच आहेत. त्यांना करू द्या. तुमचं नाव कव्हरवर राहीलच.”

“राहीलच म्हणजे?”

“वर तुमचं, ‘मूळ लेखन’ असं. खाली त्यांचं, ‘सुधारित आवृत्ती’.”

मूळ लेखन. कैलासवासी म्हणायची ही सभ्य पद्धत झाली, असं थोरलीला वाटलं. आपण जिवंत, हिंडत्याफिरत्या, रोज संध्याकाळी क्लासमध्ये बारा पोरांना शिकवतो, आणि आपलं नाव कव्हरवर असं, की वाचणाऱ्याने मनातल्या मनात हार घालावा. पण नाही म्हणावं तर पुस्तकच बंद पडायचं. ती हो म्हणाली. प्रकाशक गेल्यावर तिने त्यांची कपबशी इतका वेळ घासली की नवरा आत येऊन बघून गेला.

सहा महिन्यांनी धाकटी प्रूफांचा गठ्ठा घेऊन स्वतः खाली आली. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं.

“वहिनी, शेवटची नजर तुमची,” ती म्हणाली. “प्रत्येक पानाखाली तुमची हिरवी खूण झाल्याशिवाय छापायला द्यायचं नाही, असं मी प्रकाशकांना सांगितलंय.”

“कशाला? तू बघितलंयस ना?”

“मी बघणं आणि तुम्ही बघणं सारखं आहे का?”

हे धाकटीने मनापासून म्हटलं होतं. पण जळणाऱ्याला मनापासून म्हटलेलंच जास्त झोंबतं. थोरलीने गठ्ठा ठेवून घेतला.

चार दुपारी ती जेवणाच्या टेबलाशी हिरवं पेन घेऊन बसली. वाचत होती ती चुका शोधायला, हे सांगायला नको. काही सापडेना. चित्रं नवी, बटणं जागच्या जागी, एक पायरी गाळलेली नाही. जिथे भाषा चांगली वाटली तिथे ही आपली असणार, असं ती म्हणायची, आणि जिथे जरा खडबडीत लागली तिथे ही हिची. दीडशे पानं झाली, दोनशे झाली, हिरव्या खुणा पडत गेल्या, आणि प्रत्येक खुणेसरशी तिचं तोंड आणखी कडू होत गेलं. इतकं चांगलं काम झालं होतं. तिला ते मनातून दिसत होतं, तेच तर दुखणं होतं.

पान दोनशे सतरा. चौदावा धडा, ‘नकाशाची साफसफाई’.

ही भानगड नीट समजून घ्या, फार अवघड नाही. असा नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. एकावर भिंती, एकावर पाण्याचे पाइप, एकावर विजेच्या तारा. त्यांना लेयर म्हणतात. भिंतींचं काम करताना पाइप डोळ्यांसमोर नकोत म्हणून तो लेयर बंद करून ठेवता येतो, नंतर पुन्हा चालू. पान दोनशे सतरावर पायरी सहा अशी होती : ‘आता साफसफाईचं बटण दाबा. रिकामे लेयर निघून जातील आणि नकाशा हलका होईल.’

थोरलीचं पेन थांबलं.

महिन्यापूर्वी तिच्या क्लासमधल्या एका मुलीने हेच बटण दाबलं होतं आणि रिकाम्या लेयरांबरोबर विजेचा अख्खा लेयर गायब झाला होता. कारण तो बंद होता. कंपनीने कधीतरी गुपचूप, कुठेही न सांगता, बंद लेयरही उडवायला सुरुवात केली होती. फाईल एकदा सेव्ह करून बंद केली की गेलेलं परत येत नाही. थोरलीने क्लासला सांगितलं होतं, आधी सगळे लेयर चालू करा आणि मगच बटण दाबा. बाराजणांना सांगितलं होतं. तेराव्या माणसाला नाही. वरच्या मजल्यावर जाऊन सांगणं तर सोडाच. तिच्या यादीला आपण कशाला खाऊ घालायचं?

म्हणजे धाकटीला हे माहीतच नव्हतं. धाकटीने चूक केली होती. तीही अशीतशी नाही, पोरांच्या हातून काम जाईल अशी. थोरलीला आनंदाची उकळी फुटली, अगदी लहान मुलीसारखी. उजव्या बाजूला मोकळी जागा होती, तिथे एक ओळ लिहिली की काम झालं. ‘आधी सगळे लेयर चालू करा.’ पाच शब्द. तिने पेन तिथपर्यंत नेलंसुद्धा.

मग तिच्या डोळ्यांसमोर यादीवाल्या ताईंना येणारे फोन आले. येऊ देत की एकदा शिव्यांचे. कळू दे लोकांना, बाईंचं पुस्तक बाईंच्या हातात होतं तेव्हा काय होतं.

तिने पानाखाली हिरवी खूण केली, आणि पान उलटलं.

पुस्तक छापून बाजारात गेलं. दोन महिने काही झालं नाही, आणि थोरलीला कधी कधी वाटायचं, आपण उगाच घाबरलो, कुणाचं काही जाणार नाही. मग एका सकाळी यादीत सगळ्यात वर, जाड अक्षरांत, नवी ओळ दिसली. ‘पान २१७, पायरी ६ चुकीची आहे. कृपया ती करू नका. आधी सगळे लेयर चालू करा. ही चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाचीही नाही. मला क्षमा करा.’ खाली नकाशे काढणाऱ्या एका ड्राफ्ट्समनचं पत्र धाकटीने जसंच्या तसं लावलं होतं. एका दवाखान्याच्या इमारतीचं नऊ दिवसांचं काम. पुस्तक उघडं ठेवून, बोटाने ओळ धरून त्याने बटण दाबलं होतं. पाण्याचे सगळे पाइप गेले. ‘साहेबांनी चारचौघांत विचारलं, तुला कुणी सांगितलं हे करायला? मी पुस्तक दाखवलं. ते म्हणाले, मग पुस्तकालाच ठेवून घेऊ कामावर.’

थोरलीने ते दोनदा वाचलं. त्या माणसासाठी वाईट वाटलं, हे खरं. पण त्याच्या आधी, अगदी निमिषभर आधी, बरं झालं असं वाटलं, हेही खरं.

तिने कपाट उघडलं आणि पहिली आवृत्ती काढली. कव्हरवर एकच नाव असलेली. आपण हा धडा किती जपून लिहिला होता ते नवऱ्याला दाखवावं, असं तिच्या मनात होतं. चौदावा धडा काढला. पायरी सहा : ‘आता साफसफाईचं बटण दाबा. रिकामे लेयर निघून जातील आणि नकाशा हलका होईल.’

ती उभीच राहिली. मग तिसरी आवृत्ती काढली, मग सहावी. तेच वाक्य. काना-मात्रेचा फरक नाही. अकरा वर्षं ते वाक्य जागचं हललं नव्हतं आणि अकरा वर्षं बरोबर होतं. त्याला कुणी हात लावला नव्हता, तरी ते चुकीचं झालं होतं. ज्या वाक्यावर ती टेबलाशी बसून धाकटीला मनसोक्त हसली होती, ते तिचं स्वतःचं होतं. ओळखूसुद्धा आलं नव्हतं.

आणि इथेच हे संपलं असतं तर थोरली शरमेने गप्प बसली असती. तोंडात मारल्यासारखं झालं होतं, तिने ते गिळलं असतं. पण यादीखाली लोकांचे निरोप यायला लागले. दुपारपर्यंत चाळीस. ‘ताई, इतकी सरळ चूक कबूल करणारं कुणी पाहिलं नाही.’ ‘ताई, तुमच्यावरचा विश्वास दुप्पट झाला.’ त्या दवाखानावाल्या ड्राफ्ट्समनने तर पानभर लिहिलं : ताईंनी दोन दिवस फोनवर बसून पाइप पुन्हा काढायला मदत केली, साहेबांशीही स्वतः बोलल्या, अशी माणसं कुठे मिळतात.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. चूक माझी आणि कौतुक हिचं? कव्हर घेतलं, वाचक घेतले, आता माझी चूकसुद्धा हिनेच घ्यायची? माझं म्हणून या पुस्तकात काही ठेवणार आहे की नाही ही बाई?

चपला न घालताच ती जिना चढून वर गेली. धाकटी कॉम्प्युटरसमोर बसून कुणाला तरी उत्तर लिहीत होती.

“ते वाक्य माझं आहे,” थोरली दारातूनच म्हणाली. “पहिल्या आवृत्तीपासून. यादीत दुरुस्त कर.”

धाकटीने खुर्ची वळवली. “माहितेय मला, वहिनी.”

“मग तुझी चूक म्हणून का लिहिलंस?”

“कारण माझीच आहे. सगळे धडे मी एकेक पायरी करून तपासले. चौदावा नाही तपासला. तो तुमचा सगळ्यात चांगला धडा. मी पहिल्यांदा न अडता पार केला तो हाच. त्याला हात लावायला धजावले नाही. वाटलं, तुम्ही प्रूफ बघणार आहात ना.”

खाली रस्त्यावर कुणीतरी फाटक लावलं. थोरलीला बसावंसं वाटलं, पण खोलीत दुसरी खुर्ची नव्हती.

“मी बघितलं होतं,” ती म्हणाली.

“हो ना. मग तुमच्याही नजरेतून सुटलं. होतं असं.”

“सुटलं नव्हतं. दिसलं होतं मला. क्लासमधल्या मुलीचं तसंच झालं होतं, मला ठाऊक होतं. मला वाटलं, वाक्य तुझं आहे. म्हणून खूण करून पान उलटलं.”

धाकटीचा चेहरा आधी समजलं नाही असा झाला, आणि मग समजल्यासारखा. थोरलीला तो बघवेना.

“नऊ दिवसांचं काम होतं हो त्याचं,” धाकटी म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं थोरलीला वाटलं.

“मला ओरड तरी.”

“ओरडून काय होणार.” धाकटी खुर्चीतून उठली. “बसा. तुम्हीच लिहा.”

थोरली बसली. यादीचा आतला तक्ता तिने कधी पाहिला नव्हता. पान, पायरी, दुरुस्ती, कुणाची चूक, कारण, असे रकाने होते. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बहुतेक ठिकाणी एकच लिहिलेलं : नवं अपडेट, नवं अपडेट, नवं अपडेट. तिने आपली ओळ शोधली. कुणाची चूक, तिथलं धाकटीचं नाव पुसून आपलं घातलं. हे करताना बरं वाटलं, हरवलेली वस्तू हाती आल्यासारखं. मग दुरुस्तीखाली लिहिलं : ‘मूळ वाक्य माझं. प्रूफं मी तपासली होती.’ शेवटी कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘अनवधान’.

धाकटी मागे उभी राहून वाचत होती.

“हे खरं नाही, वहिनी,” ती म्हणाली. “लोक इथलं वाचून काम करतात. काढा.”

थोरलीने शब्द काढला. रिकाम्या चौकोनात रेघ लुकलुकत राहिली. तिच्या मनात बरंच काही येऊन गेलं : वय, घाई, प्रकृती, मान दुखत होती. यातलं काही धाकटीसमोर लिहिण्याची तिची छाती झाली नाही. मग तिने तीन अक्षरांचा एक शब्द लिहिला, ‘मत्सर’, आणि तो हजारो लोकांना दिसायला लागेल ते बटण दाबण्याआधी मागे वळून पाहिलं.

धाकटीने तो शब्द वाचला. या वेळी ती ‘काढा’ म्हणाली नाही.